परभणी जिल्ह्यातील स्त्रियांचा उन्हाळी पोशाख : लुगडे ते गाऊन

मराठवाड्याच्या वस्त्रपरंपरेचा विचार करताना पैठणी व हिमरू यांकडे अभ्यासकांचे जितके लक्ष गेले, तितके घरात रोज वापरावयाच्या साध्या कपड्याकडे गेलेले नाही. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे सहज जातो. अशा प्रदेशात अंगावरचे वस्त्र हा शोभेपेक्षा आरोग्याचा आणि श्रमाचा प्रश्न ठरतो.

हा जिल्हा मुळात कापसाचा. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग 1901 च्या सुमारास पूर्ण झाल्यावर सेलू, मानवत, परभणी या पेठांतील कापसाच्या गाठी दूरच्या गिरण्यांकडे जाऊ लागल्या आणि कापड बाहेरून येऊ लागले. उन्हाळ्यात पुरुषास धोतर व बंडीवर, प्रसंगी उघड्या अंगानेही ओसरीवर बसता येई. स्त्रीस ती मुभा नव्हती. चुलीपुढेही नऊवार, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे लुगडे आणि अंगाला घट्ट बसणारी चोळी. ते लुगडे धुण्यास लागणारे पाणी बहुधा तिनेच आडावरून शेंदून आणलेले असे, ही बाब वस्त्रेतिहासात क्वचितच नोंदविली जाते.

सहावारी साडीने कापड कमी झाले, परंतु उष्मा कमी झालाच असे नाही. भारतात 1965 मध्ये पॉलिस्टर धाग्याचे उत्पादन सुरू झाले व पुढे कृत्रिम धाग्याच्या साड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. त्या टिकाऊ होत्या, लवकर वाळत, इस्त्री मागत नसत. मात्र घाम शोषून घेण्याचा सुताचा गुण त्यांच्यात नव्हता, आणि विस्तवाजवळ त्या वितळून कातडीस चिकटण्याचा धोका होता. कापूस पिकविणाऱ्या घरातील स्त्री भर उन्हाळ्यात पॉलिस्टर नेसून स्वयंपाक करीत होती, ही विसंगती दुर्लक्षिण्याजोगी नाही.

या पार्श्वभूमीवर सुती गाऊनचा प्रवेश महत्त्वाचा ठरतो. चित्रपटांतून 1970 च्या दशकात गाजलेली ‘मॅक्सी’ ही फॅशन होती. निमशहरी घरांत पुढे रुळलेला गाऊन ही सोय होती. जुन्या नावाने त्यास काही घरांत आजही मॅक्सीच म्हणतात. सुमारे तीन मीटर सैल, छापील सुती कापड, कमरेस काच नाही, धुण्यास हलके. ‘नेसणे’ या क्रियापदाची जागा ‘घालणे’ने घेतली, हा बदल केवळ भाषिक नव्हे, निऱ्या सावरण्यात गुंतलेला हात त्यामुळे मोकळा झाला. 2005 नंतरच्या दीर्घ भारनियमनाच्या वर्षांत, पंखा बंद पडलेल्या दुपारी, त्याची उपयुक्तता वेगळी पटवून देण्याची गरज नव्हती.

तथापि स्वीकार सशर्त होता. सासरे घरात आले, दारी पोस्टमन आला, की गाऊनवर ओढणी किंवा टॉवेल घ्यावयाचा. गल्लीतल्या किराणा दुकानापर्यंत तो चाले, बसस्थानकापर्यंत नाही. काही घरांत सुनेस तो रात्रीपुरताच, तर लेकीस दिवसभर. मर्यादेची ही रेषा कोणत्याही कागदावर लिहिलेली नव्हती, तरी प्रत्येकीस ती नेमकी ठाऊक होती.

शेतमजूर स्त्रीपर्यंत मात्र ही सोय फारशी पोहोचली नाही. उन्हापासून आणि पऱ्हाटीच्या ओरखड्यांपासून बचाव म्हणून ती साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढविते. तो बहुधा नवऱ्याचा, वापरून विरलेला असतो.