संचिका कुलूपबंदी (समूह संचिका प्रणाली)

संचिका कुलूपबंदी किंवा फाइल लॉकिंग म्हणजे एकाच संचिकेवर अनेक आज्ञावली काम करीत असताना त्यांच्या वाचन-लेखनाचे नियमन करणारी व्यवस्था होय. अनेक संगणक सामायिक साठा वापरतात, अशा समूह संचिका प्रणालीत तिला विशेष महत्त्व आहे.

गरज

समजा, दोन संगणकांनी एका संचिकेतील १०० ही संख्या एकाच वेळी वाचली आणि प्रत्येकाने तीत १ मिळवून उत्तर लिहिले. अपेक्षित उत्तर १०२ असताना संचिकेत १०१ उरते आणि एक नोंद नकळत नष्ट होते. एकाच संगणकात कुलपांची नोंद कार्यप्रणालीचा गाभा ठेवतो. समूहात मात्र एका संगणकाच्या गाभ्याला दुसऱ्याने लावलेले कुलूप दिसत नाही.

कार्यपद्धती

यासाठी वितरित कुलूप व्यवस्थापक वापरतात. वाचनासाठीचे सामायिक कुलूप अनेकांना एकाच वेळी मिळते, लेखनासाठीचे अनन्य कुलूप फक्त एकालाच. एखादा संगणक बंद पडल्यास त्याला साठ्यापासून तोडल्याची खात्री करून मगच त्याची कुलुपे मोकळी केली जातात. अन्यथा तो पुन्हा जागा होऊन जुनी माहिती लिहू शकतो.

इतिहास

१९८० च्या दशकातील वॅक्स संगणकसमूहांतील कुलूप व्यवस्थापक पुढील अनेक प्रणालींना आदर्श ठरला. ओसीएफएस-२ ही प्रणाली २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. तिच्यात समूहव्यापी 'फ्लॉक' कुलपाची सोय मात्र २००८ मध्ये आली.

महाराष्ट्रातील वापर

पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला. पुण्यातीलच आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या महासंगणकात ल्युस्टर ही समांतर संचिका प्रणाली वापरली जाते. ल्युस्टरमध्ये फ्लॉकचे तीन पर्याय आहेत: समूहव्यापी, केवळ स्थानिक आणि बंद. स्थानिक पर्याय वेगवान असला, तरी त्यात दोन संगणकांना एकाच संचिकेचे अनन्य कुलूप मिळू शकते. त्यामुळे अनेक संगणकांवरून एकाच संचिकेत लिहिणाऱ्या आज्ञावलींसाठी तो असुरक्षित ठरतो.

मर्यादा

लिनक्समधील ही कुलुपे सामान्यतः सूचनात्मक असतात. कुलूप न मागताच लिहिणाऱ्या आज्ञावलीला ती अडवत नाहीत. सर्व आज्ञावलींनी नियम पाळला, तरच माहिती सुरक्षित राहते. शिवाय प्रत्येक कुलपासाठी संगणकांमध्ये संदेशांची देवाणघेवाण होत असल्याने कामाचा वेग घटतो.