हिमालयातील अग्निज खडकांचे भूरसायन
हिमालय आणि त्याच्या उत्तरेकडील लडाख–तिबेट पट्ट्यातील अग्निज खडकांच्या रासायनिक व समस्थानिकीय घटनेवरून या पर्वतप्रणालीचा पूर्वेतिहास जुळवण्याची अभ्यासपद्धती. पर्वत घडताना गाळाचे खडक दुमडतात, तापतात, त्यांतील जीवाश्म पुसले जातात. ज्या टेथिस महासागराच्या जागी हिमालय उभा राहिला, त्याच्या तळाचे तर दोन खंडांच्या सांध्यात अडकलेले थोडे तुकडेच उरले आहेत. शिलारस थिजून बनलेल्या खडकात मात्र तो शिलारस कशाच्या वितळण्यातून आला याची खूण टिकते.

ही खूण तीन प्रकारे वाचतात. पहिली लेशमात्र मूलद्रव्यांची. सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम ही गरम पाण्याबरोबर वाहून जातात. टिटॅनियम, झिर्कोनियम, नायोबियम, यिट्रियम सहसा जागची हलत नाहीत, म्हणून जुन्या, बदललेल्या खडकांत भरवसा त्यांच्यावर ठेवतात. पिअर्स व कॅन यांनी १९७३ मध्ये बेसाल्टांसाठी मांडलेले आलेख याच तत्त्वावर आधारलेले आहेत. दुसरी खूण स्ट्राँशियम, निओडिमियम यांच्या समस्थानिकांची. रुबिडियम–८७ चे रूपांतर स्ट्राँशियम–८७ मध्ये होते आणि रुबिडियम खंडीय कवचात साचलेले असते. त्यामुळे जुन्या कवचात स्ट्राँशियम ८७/८६ हे गुणोत्तर प्रावरणापेक्षा बरेच वाढलेले आढळते. तिसरी खूण वयाची. झिर्कॉनचा स्फटिक घडताना युरेनियम सामावून घेतो, शिसे जवळजवळ घेत नाही. पुढे त्यात सापडणारे शिसे युरेनियमच्या ऱ्हासातून आलेले असल्याने त्यावरून वय काढता येते.

या पद्धतीचे सर्वांत सुस्पष्ट उदाहरण म्हणजे लडाख बॅथोलिथ. सु. ६०० किमी. लांबीचा हा ग्रॅनाइटी पट्टा सिंधू–त्सांगपो सांध्याच्या उत्तरेस आहे. लेहहून खारदुंग ला खिंडीकडे चढणारा रस्ता त्याच्यातूनच जातो. त्यातील राखाडी खडकात हॉर्नब्लेंड व कृष्णाभ्रक आहे, नायोबियम कमी आहे आणि स्ट्राँशियमचे मूळ गुणोत्तर ०.७०४ ते ०.७०५ च्या आसपास, म्हणजे प्रावरणाच्या जवळ आहे. महासागराचा तळ खाली बुडतो, त्यातून सुटलेल्या पाण्यामुळे वरचे प्रावरण वितळते, आणि आजच्या अँडीजसारखी ज्वालामुखींची रांग तयार होते. तेथील शिलारसाची घटना अशीच असते. बॅथोलिथाहून जुने द्रासचे ज्वालामुखी खडक महासागरातील द्वीपचापाची, म्हणजे ज्वालामुखी बेटांच्या रांगेची, साक्ष देतात. बॅथोलिथातील बहुतेक झिर्कॉन सु. ६.८ ते ४.७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यानंतर या प्रकारचा शिलारस तेथे जवळजवळ आटला. बुडायला महासागराचा तळ उरला नव्हता, भारतीय खंड येऊन भिडला होता.

पुढचा शिलारस वेगळ्याच जातीचा निघाला. गंगोत्रीजवळची शिवलिंग व भागीरथी ही शिखरे, नेपाळमधील मनास्लू आणि मकालूचा माथा फिकट ग्रॅनाइटाचे आहेत. त्यांत शुभ्र अभ्रक, तोरमल्ली व गार्नेट आढळतात, आणि स्ट्राँशियमचे मूळ गुणोत्तर ०.७४ च्याही वर जाते. प्रावरणाचा यात हात नाही. जाड झालेल्या भारतीय कवचातील जुने गाळच रूपांतरित होऊन वितळले. वय प्रामुख्याने २.४ ते १.५ कोटी वर्षे. आठ हजार मीटर उंचीवरचा खडक कवचाच्या पोटात वितळलेल्या गाळातून आला, हे रसायनाने सिद्ध करावे ही या शास्त्राची फार मोठी कमाई आहे.

याच मार्गाने आणखी मागे जाता येते. काश्मीरमधील पीर पंजालचे पंजाल ट्रॅप, सु. २८.९ कोटी वर्षांपूर्वीचे, ताणल्या जाणाऱ्या खंडाच्या बेसाल्टासारखे आहेत. गोंडवना या प्राचीन महाखंडाच्या उत्तर कडेचा तुकडा सुटून नवा टेथिस उघडू लागल्याचे ते चिन्ह मानतात. मंडी व मानसेहरा येथील सु. ५० ते ४७ कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइट तर हिमालयाच्या कितीतरी आधीच्या, त्याच कडेवरील हालचालीचे आहेत.

पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या गांभीर्याने घ्यायला हव्यात. रसायन प्रथम काय वितळले ते सांगते; कोठे वितळले हे त्यावरून केलेले अनुमान असते. सह्याद्रीतील दख्खन ट्रॅपच्या ‘बुशे’ गटातील लाव्ह्यांत नायोबियम तुलनेने कमी आणि स्ट्राँशियमचे गुणोत्तर ०.७१ च्या वर आहे. नुसत्या आलेखावर असे लाव्हे बुडत्या सागरतळाजवळचे वाटू शकतात. प्रत्यक्षात वर येताना त्यांत खंडीय कवच मिसळले. लडाखमध्ये रसायन, झिर्कॉनचे वय आणि सांध्यातील ओफिओलाइट, म्हणजे सागरतळाचे अडकलेले तुकडे, हे तिन्ही पुरावे परस्परांशी जुळतात, म्हणून तेथील निष्कर्ष भक्कम मानावा.