तळटीप : ‘साठी बुद्धी नाठी’

१. घनसावंगीच्या आजीविषयी लेखकाने ही म्हण मायेनेच वापरली आहे. पण काठवटीत भाकरीचे पीठ मळून ठेवायचे आणि लगेच पुन्हा पिठाच्या डब्यात हात घालायचा, हे निव्वळ वयाचे लक्षण नव्हे. पुढे आजी घरची वाट चुकते, ते वर्णन अल्झायमर रोगाशी जुळते.

या रोगाशी काही प्रथिनांचा संबंध दिसतो. मेंदूतल्या पेशी जगवणारी, त्यांचे एकमेकींशी धागे जुळवणारी ही प्रथिने मेंदूतही तयार होतात. अशा प्रथिनांपैकी पहिले ‘एनजीएफ’. त्याच्या शोधाचे नोबेल १९८६ साली रीटा लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांना मिळाले. दुसरे ‘बीडीएनएफ’ १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळे काढले गेले. अल्झायमरच्या रुग्णांत, स्मृती घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागात ते कमी आढळते. ते बाहेरून टोचून भागत नाही. रक्त आणि मेंदू यांमधली संरक्षक भिंत त्याला सहजी आत घेत नाही.

चालण्याचा मात्र उपयोग दिसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, १२० वृद्धांवरील अमेरिकी अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. ज्यांच्या रक्तात बीडीएनएफ अधिक वाढले, त्यांच्यात ही वाढही अधिक होती. आजीच्याच घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी बलोपासनेचा आग्रह धरला होता, त्याची येथे आठवण होते. चालण्याने रोग बरा होत नाही, हेही खरे. म्हणून घरातले माणूस असे विसरू लागले, तर म्हणीवर न थांबता त्याला वेळीच डॉक्टरांकडे न्यावे. — संपादक