वर्गात चेहरा नव्हता, नाव होते

2020 च्या टाळेबंदीत विद्यापीठाचा वर्ग मोबाईलवर आला. कॅमेरे बहुधा बंदच असत. शिक्षकांसमोर काळ्या चौकटी असत आणि प्रत्येक चौकटीत एक नाव. रंग, कपडे, घर, बसण्याची जागा, सारे झाकले गेले. उरले ते नाव. चेहरा दिसेनासा झाला म्हणजे पूर्वग्रहही गेला का? हा प्रश्न टाळेबंदीपेक्षा बराच जुना आहे.

1970 च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मरे टुरॉफ यांनी संगणकावरून चर्चा करण्याची एक यंत्रणा उभी केली. तिला ‘आईज’ म्हणत. तिच्यात खऱ्या नावाने लिहिता येई, टोपणनावाने लिहिता येई आणि निनावीही लिहिता येई. 1980 च्या दशकात समाजशास्त्रज्ञ स्टार रोक्सान हिल्ट्झ यांनी याच यंत्रणेवर महाविद्यालयीन अभ्यासक्रम चालवले. त्यांनी त्याला ‘व्हर्च्युअल क्लासरूम’ म्हटले. या वर्गात हात वर करावा लागत नसे. बुजऱ्या विद्यार्थ्यालाही विचार करून, सवडीने आपले म्हणणे मांडता येई. माणूस कोण आहे हे न पाहता तो काय म्हणतो एवढेच पाहिले जाईल, अशी आशा वाटावी असाच हा बदल होता.

2011 मध्ये स्टॅनफर्डच्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग ऑनलाईन खुला केला. सुमारे 1 लाख 60 हजार लोकांनी नावे नोंदवली. विद्यापीठाची दारे सर्वांना उघडली, असे वाटू लागले.

मग काही अभ्यासकांनी या आशेची परीक्षा घेतली. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातील एका ऑनलाईन अभ्यासक्रमात एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन साहाय्यक शिक्षक होते. दोघांनीही एका गटाला स्वतःच्या ओळखीने शिकवले, तर दुसऱ्या गटाला एकमेकांच्या ओळखीने. तपासलेले काम सर्वांना एकाच वेळी परत मिळत होते. तरीही ‘शिक्षक वेळेवर काम करतात का’ या मुद्द्यावर विद्यार्थ्यांनी पुरुषी नावाला 5 पैकी 4.35 आणि स्त्रीच्या नावाला 3.55 गुण दिले. लिलियन मॅकनेल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2015 मध्ये छापून आला. त्यात अवघे 43 विद्यार्थी होते, हेही सांगितले पाहिजे.

2018 चा अभ्यास मोठा होता. रेचल बेकर, थॉमस डी आणि सहकाऱ्यांनी 124 ऑनलाईन अभ्यासक्रमांच्या चर्चेत काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नावाने मजकूर टाकला. काही नावे गोऱ्यांची वाटणारी, काही कृष्णवर्णीयांची, काही चिनी आणि काही भारतीयही. गोऱ्या पुरुषाच्या नावाला शिक्षकांचे उत्तर मिळण्याची शक्यता इतरांपेक्षा 94 टक्क्यांनी जास्त आढळली.

या शिक्षकांनी ठरवून दुजाभाव केला, असे म्हणण्याची गरज नाही. शेकडो प्रश्नांतून घाईत चार निवडताना नजर ओळखीच्या नावावर थांबते. पण ज्याचा प्रश्न राहिला, त्याचे शिक्षण तेवढ्यापुरते थांबलेच.

या प्रयोगांचे आकडे आपल्या विद्यापीठांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरी मराठी मुसलमानाला त्यांचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. लेख मराठीत असतो, पण वाचणारा आधी नाव वाचतो आणि मग म्हणतो, “तुमचं मराठी किती छान आहे!” कौतुक मनापासूनचे असते. पण घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेबद्दल शाबासकी कुणाला मिळते? परक्यालाच ना?

यावर नाव लपवणे हा उपाय नाही. टोपणनाव ही सोय असावी, सक्ती नसावी. उपाय आपल्या विद्यापीठांना ठाऊक आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, बैठक क्रमांक असतो. परीक्षकावर अविश्वास आहे म्हणून हा नियम झाला नाही. परीक्षकही माणूस आहे, म्हणून झाला. हीच काळजी ऑनलाईन वर्गातही घेता येईल. गुण देताना नाव झाकावे, आणि कोणाचे प्रश्न अनुत्तरित राहिले याची यादी शिक्षकाने आठवड्यातून एकदा तरी स्वतः पाहावी. त्या यादीत पुन्हा पुन्हा तीच नावे दिसली, तर शिकण्याची पाळी शिक्षकाची आहे.