उन्हाळी उष्म्यापासून संरक्षणाची साधने, सौंदड परिसर

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड व आसपासच्या गावांत मार्च ते जून या काळात तीव्र उष्म्यापासून बचावासाठी उपयोगी पडणारी पाणी, सावली, पूर्वसूचना व उपचार यांची पारंपरिक आणि शासकीय साधने. सौंदड हे चुलबंद नदीच्या खोऱ्यातील गाव राष्ट्रीय महामार्ग ५३ वर (पूर्वीचा क्र. ६) आणि गोंदिया–नागभीड–बल्लारशाह लोहमार्गावर आहे. त्यामुळे येथील उष्म्याचा प्रश्न गावकऱ्यांपुरता मर्यादित नसून वाटसरू, वाहनचालक व रेल्वे प्रवाशांचाही आहे.

हवामान : समुद्रापासून दूर असलेल्या पूर्व विदर्भात एप्रिल-मेमध्ये वायव्येकडून कोरडे, तप्त वारे वाहतात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावर, साधारण २५ मेपासून, नवतपा हा अतिउष्ण काळ सुरू झाला असे मानतात. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश से. असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असल्यास उष्णतेची लाट, त्याहून अधिक फरक असल्यास तीव्र लाट समजतात. प्रत्यक्ष तापमान ४५ व ४७ अंशांवर गेल्यास सरासरी न पाहताही अनुक्रमे हेच दर्जे लागू होतात. जूनच्या पूर्वार्धात पारा काहीसा उतरतो, पण हवेतील दमटपणा वाढल्याने घाम सुकत नाही आणि कूलरचाही उपयोग कमी होतो. केवळ पारा पाहून धोका ठरवता येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर (नवी मुंबई) येथील उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तेथील पारा चाळिशीच्या आतच होता.

पारंपरिक साधने : भंडारा-गोंदिया हा तलावांचा प्रदेश. गोंड राजवटीपासून कोहळी समाजाने तलावबांधणीत विशेष कौशल्य मिळवले. मालगुजारी ही जमीनमहसूल पद्धत १९५०–५१ मध्ये संपुष्टात आल्यावर मालगुजारांकडील हे तलाव शासनाकडे गेले व ‘मामा तलाव’ (माजी मालगुजारी तलाव) म्हणून ओळखले जाऊ लागले. ते मुख्यतः धानाच्या ओलितासाठी असले, तरी उन्हाळ्यात गुरांचे पाणी, आंघोळ व विहिरींची पातळी त्यांच्यावरच अवलंबून असते. गाळ साचलेला तलाव मेपूर्वीच आटतो; म्हणून गाळ काढण्याचे काम उष्म्यापासून संरक्षणाचेही काम ठरते.

कवेलूचे छप्पर व मातीच्या भिंती यांमुळे घर टिनाच्या घरापेक्षा कमी तापते. अंगणात हिरव्या फांद्यांचा मांडव, दारी पाण्याचा रांजण, वाटेवर पाणपोई, डोक्याला दुपट्टा किंवा गमछा ही नित्याची व्यवस्था. कैरीचे पन्हे, ताक, आंबील व अंबाडीचे सरबत यांतून पाणी व काही क्षार मिळतात. खिशात कांदा ठेवण्याची रीत सर्वत्र आढळते. मात्र त्यामुळे शरीराचे तापमान उतरत नाही.

कामाच्या वेळा : मोहफुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेचतात. तेंदूपत्त्याचा हंगाम मेमध्ये असतो : सकाळी तोडणी, दुपारी सावलीत पुडे बांधणे व नंतर ते संकलन केंद्रावर नेणे, असा क्रम असतो. उन्हाळी धानाची कापणीही याच सुमारास येते. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने (२००५) कामाच्या जागी पिण्याचे पाणी, विसाव्यासाठी सावली व प्रथमोपचार पेटी बंधनकारक केली. विदर्भातील शाळा उन्हाळी सुट्टीनंतर उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात.

पूर्वसूचना : नागपूर येथील प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार अंदाज देते. हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल या रंगांतून दक्षतेची पातळी कळते. २०१० च्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्मा कृती आराखडा लागू केला. विदर्भात नागपूरने २०१६ मध्ये त्याचे अनुकरण केले. खेड्यात हवामान केंद्राचा इशारा ग्रामपंचायत, आशा व अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत घरोघरी पोहोचू शकतो. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले, रक्तदाब किंवा मानसिक आजाराची औषधे घेणारे आणि मद्यपी यांना धोका अधिक. पूर्व विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. शरीरातील पाणी कमी झाल्यास या रुग्णांना तीव्र वेदनांचे झटके येऊ शकतात. म्हणून गावातील जोखमीच्या व्यक्तींच्या यादीत त्यांचा स्वतंत्र समावेश आवश्यक असतो.

उपचार : पायात गोळे येणे, भोवळ, मळमळ व भरपूर घाम ही पहिली लक्षणे. अशा वेळी सावलीत विश्रांती आणि १ लिटर पाण्यात एक मोठी पुडी या प्रमाणात बनवलेले ओआरएस द्यावे. शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊन व्यक्ती बरळू लागली, तिला झटके आले वा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात होय. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी ओतणे, वारा घालणे, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवणे हे उपाय वाहनाची वाट पाहतानाच सुरू करावे लागतात. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये, तिला कुशीवर वळवावे. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग होत नाही.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४ व जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आहेत. सौंदडला सडक अर्जुनीचे ग्रामीण रुग्णालय, तर महामार्गाने पश्चिमेस भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे उपजिल्हा रुग्णालय जवळ पडते. गंभीर रुग्णास गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना २०१६) पाठवता येते.

मर्यादा : या साधनांतील कमकुवत दुवा वेळेचा आहे. ‘दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका’ ही सूचना सर्वांपर्यंत पोहोचली, तरी पुड्यांच्या संख्येवर मजुरी घेणारा तेंदू मजूर किंवा ठेक्याने धान कापणारी टोळी ती पाळेलच असे नाही. थांबलेला तास मजुरीतून कापला जातो. संकलन केंद्रावर मांडव व पाणी, पहाटे लवकर सुरू होणारी कामे आणि लाल इशाऱ्याच्या दिवशी मजुरीची हमी यांची जोड मिळाल्याशिवाय पूर्वसूचनेचा लाभ सावलीत बसू शकणाऱ्यांपुरताच राहतो.