भेंडी आणि हळद्या
भाताची कापणी उरकल्यावर शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील ज्या शेतांना पाण्याची सोय आहे, तेथे लावली जाणारी आणि काही अंशी परदेशीही रवाना होणारी भेंडी ज्या हळद्या रोगाला बळी पडते, त्याची पहिली शास्त्रीय नोंद मुंबई इलाख्यातच, 1924 साली, कुलकर्णी नामक संशोधकाने केली. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणारा हा विषाणू पांढरी माशी झाडोझाडी वाहून नेते; सरकारी दप्तरात मात्र त्याची बाधा बुडालेल्या पिकाच्या आकड्यांतच विरून जाते.

पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग यांनी सिद्ध केलेल्या ‘पुसा सावनी’ वाणाने मोठा दिलासा दिला. परंतु लक्षणे न दाखवता विषाणू अंगी वागवणे हाच त्याचा बराचसा प्रतिकार होता, आणि कालांतराने तोही ढासळला. त्यानंतर मराठवाडा कृषी विद्यापीठाने भेंडीच्या सगोत्र जातीशी संकर घडवून ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. हवाईत 1998 साली लागवडीस आलेल्या पपईत तिच्यावरील विषाणूचेच जनुक घालून जे साधले, त्याहून हा मार्ग संथ, पण माझ्या मते अधिक मराठमोळा. मात्र विषाणूमुक्त असणे म्हणजे प्रतिकारक्षम असणे नव्हे: केळीची ऊतिसंवर्धित रोपे निर्मळ मातृवृक्षापासून घेतल्यास विषाणूमुक्त येतात खरी, तथापि शेतात उतरताच ती इतर रोपांइतकीच रोगप्रवण असतात.