सांगलीचे दोन रंगकर्मी आणि इतिहासाचा एकच डोळा

मराठी रंगभूमी १८४३ साली सांगलीत सुरू झाली, असे आपल्याला शिकवले जाते. विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानच्या राजाश्रयाने 'सीता स्वयंवर' केले. म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो. ठीक आहे. पण आजच्या त्याच सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यातून एक मुलगा आईवडिलांसोबत पोटासाठी मुंबईला चालत आला. त्यानेही रंगभूमी उभी केली. ते म्हणजे अण्णाभाऊ साठे.

मुंबई त्यांच्यासाठी परमुलूखच होती. ना राजाश्रय, ना नाट्यगृह. कामगारांच्या चाळी आणि माटुंग्याचा लेबर कॅम्प हाच त्यांचा रंगमंच. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढले. गावाकडचा तमाशा त्यांनी जसाच्या तसा उचलला नाही. गणात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केले, कृष्ण-गवळणीला फाटा दिला, मंचावर सावकार आणि कामगार समोरासमोर उभे केले. सरकारला या कलापथकावर बंदी घालावी लागली.

मग एक 'रंगभूमीचे जनक' आणि दुसरे फक्त 'लोकशाहीर' का? तमाशा महार-मांगांनी जगवला. त्याला 'लोककला' म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकले, की नाटकाच्या इतिहासात जातीचा प्रश्नच उरत नाही.

पनवेल-कळंबोलीत आपल्यातले कितीतरी जण गाव सोडून आलेले आहेत. येत्या १ ऑगस्टला डीजेचे पैसे वाचवा आणि वस्तीतल्या पोरापोरींना घेऊन अण्णाभाऊंचे एक लोकनाट्य बसवा.

जय भीम!